खांबाला हात लावायचा नाही

आपण या पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत हे छातीठोकपणे सांगू शकणारा एकच माणूस मी आजवर पाहिला आहे, आणि ते म्हणजे माझ्या बायकोचे मामा. बाकी आपण सगळे अंदाजाने जगतो. "घरीच आहे", "आलोच कोपऱ्यावर", "इथेच होतो की" असली मोघम विधानं करत आपलं आयुष्य निघून जातं आणि कुणाचं काही अडत नाही. मामांचं अडतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी इंदूरमधल्या आमच्या विजय नगरच्या फ्लॅटवर आली होती. पगार, शिक्षण, पत्रिका हे विषय बाकीच्यांनी आपसात वाटून घेतले होते. मामा एका बाजूला बसून मन लावून पोहे खात होते. पोहे संपले, बशीतली शेव त्यांनी बोटाने गोळा केली आणि मला विचारलं, "तुम्ही राहता कुठे?" मी गडबडलो. म्हटलं, "इथेच." "इथे म्हणजे?" "म्हणजे ह्याच फ्लॅटमध्ये." "तसं नाही हो. अक्षांश किती, रेखांश किती?" मला सांगता आलं नाही. "ठीक आहे, मतलब बऱ्याच लोकांना माहीत नसतं," असं म्हणून त्यांनी मोठ्या मनाने स्थळ पसंत केलं. लग्नात अहेर म्हणून त्यांनी आम्हाला एक फ्रेम दिली. तिच्यात आमच्या बाल्कनीच्या दक्षिण कोपऱ्याचे अक्षांश-रेखांश आहेत, दशांश चिन्हापुढे आठ-आठ आकडे, सुंदर वळणदार अक्षरात. ती फ्रेम आमच्या हॉलमध्ये लावलेली आहे, आणि नवा माणूस आला की हा कुणाचा फोन नंबर म्हणून विचारतो.

त्याच लग्नात त्यांनी भटजींना थांबवलं होतं. भटजी महाराष्ट्रातून नुकतेच इंदूरला आलेले, त्यामुळे संकल्प सांगताना सवयीने गोदावरीच्या तीरावर गेले. मामा पाटावरून ताडकन उठले. "गुरुजी, आपण रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, उत्तर तीरावर आहोत. गोदावरी इथून फार लांब राहिली." भटजी म्हणाले, भावना महत्त्वाची. मामा म्हणाले, "भावना ठीक आहे, पण जागा चुकली तर पुण्य कुणाच्या पत्त्यावर जाईल?" मुहूर्त टळायची वेळ आली तेव्हा भटजींनी रेवा कबूल केली. पुढे कितीतरी दिवस मामा मला या संकल्पाचं कौतुक ऐकवत होते. आपल्या लोकांनी केवढा विचार केला होता पाहा, म्हणायचे. देवाकडे काही मागायच्या आधी माणसाने स्वतःचा पत्ता सांगायचा. कुठल्या द्वीपात, कुठल्या नदीच्या कुठल्या काठावर, कुठल्या दिशेला तोंड करून बसलो आहे ते सगळं आधी सांगायचं आणि मग हात पुढे करायचा. हे सांगताना ते खिडकीबाहेर असे पाहत राहत की समोरच्याला आपण तिथे आहोत की नाही अशी शंका यावी.

मामांच्या घराण्यात मोजणी संस्थानी काळापासून आहे. आजोबा जमिनी मोजणारे कारकून, वडीलही तेच, आणि मामा स्वतः एका सरकारी खात्यात कालव्यांची मोजणी करून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं नर्मदेची परिक्रमा करतात किंवा सोसायटीचे सेक्रेटरी होतात. मामांनी राजेंद्रनगरच्या आपल्या घराच्या गच्चीवर एक खांब उभा केला. सांवेर रोडच्या एका कारखान्यातून तो त्यांनी स्वतः उभं राहून बनवून घेतला, आणि त्याच्या टोकावर भाकरीएवढी पांढरी चकती बसवली. ती चकती आकाशातल्या उपग्रहांचं बोलणं ऐकते. हा खांब कशासाठी, हे मामांनी मला पहिल्यांदा सांगितलं ते हिवाळ्यातल्या एका दुपारी, गच्चीवर चटईवर आडवं पडून. उन्हं अंगावर होती आणि त्यांचे डोळे अर्धवट मिटलेले होते. "आता ह्या क्षणी अकरा जण वर आहेत," ते म्हणाले. मला वाटलं नातेवाईक आले असतील. "एक तिकडे धार शहराच्या बाजूने वर येतोय. दोघं मावळायला टेकलेत. सगळे बिचारे खरं बोलतात, जावईबापू. पण वरून खाली येईस्तोवर हवा त्यांचं बोलणं वाकवते. आपल्यापर्यंत पोचतं तेव्हा त्यात दोन-चार हातांची चूक झालेली असते." मग म्हटलं, तुमचा खांब काय करतो? मामांनी डोळे पुरते मिटले. मला वाटलं झोप लागली. "काही नाही करत," ते शेवटी म्हणाले. "तो एका जागी उभा राहतो. आपण कुठे आहोत हे त्याला पक्कं ठाऊक आहे. वरचे त्याला सांगतात, तू दोन हात तिकडे आहेस. तो म्हणतो, मी तर इथेच आहे, म्हणजे आज आकाश दोन हात चुकतंय. तेवढी चूक तो खाली सगळ्यांना सांगून देतो. बस."

खाली सगळे म्हणजे देपालपूरच्या वाटेवरच्या गावांतले शेतकरी. आता तिकडे कितीतरी ट्रॅक्टर आपोआप सरळ चालतात. चालकाने स्टेअरिंगवरून हात काढून घ्यायचा आणि ट्रॅक्टरने सुतासारखी रेघ मारत शेताच्या टोकापर्यंत जायचं. पण नुसत्या उपग्रहांच्या भरवशावर सोडला तर तो शेजाऱ्याच्या बांधावर चढेल. मामांच्या गच्चीवरून मोबाइलच्या जाळ्यातून येणारी दुरुस्ती मिळाली की तोच ट्रॅक्टर दोन बोटांच्या फरकाने जिथे पेरलं तिथेच महिन्याने पुन्हा येतो. विजय नगरच्या ऑफिसातल्या माझ्या एका मित्राने कॉम्प्युटरचं काम करून दिलं, आणि हे सगळं मामा फुकट करत. सकाळी स्नान झालं की जुन्या धोतराच्या मऊ तुकड्याने ते चकती पुसत, आणि खाली येऊन चाळीसएक शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एकच वाक्य पाठवत: "खंभा अपनी जगह पर है. राम राम." तिकडून चाळीस राम राम येत. मग मामा चहा घेत.

या खांबापायी घराला जे नियम लागले होते ते एखाद्या देवस्थानालाही नसतील. खांबाला हात लावायचा नाही, हा पहिला. खांबाला दोरी बांधून कपडे वाळत घालायचे नाहीत, गच्चीवर पापड-कुरडया घालायच्या असतील तर खांबापासून चार हात लांब, धपधप चालायचं नाही, उडी मारायची नाही. संक्रांतीला शेजारची मुलं पतंग उडवायला लागली की मामा दिवसभर खांबाशी उभे राहत आणि मांजा येताना दिसला की दोन्ही हात पसरत. एकदा गल्लीत वरातीचा डीजे वाजला तर ते तावातावाने खाली जाऊन नवरदेवालाच म्हणाले, "भिया, जरा धीमे. तिकडे ट्रॅक्टर चालू आहेत." घोड्यावर बसलेल्या त्या मुलाने घाबरून डीजे बंद करवला, आणि वरात पुढच्या चौकापर्यंत मुक्याने गेली. मुलीकडे पुण्याला जाणं मामांनी कधीचंच सोडलं होतं. मुलगी रुसली, रडली, शेवटी स्वतःच येऊ लागली. "एक माणूस तरी एका जागी पाहिजे ना," मामा शांतपणे म्हणत.

या सगळ्या नियमांना वर्षातून एकच सूट होती, आणि ती मामींनी मिळवलेली होती. दिवाळीचा आकाशकंदील खांबावर लागणार. खांब उभा राहिला त्याच वर्षी त्यांनी ठणकावून सांगितलं होतं, घरात सगळ्यात उंच जे आहे तिथेच कंदील लागतो, मग तिथे तुमचे उपग्रह असोत नाहीतर अजून कुणी. मामांनी तीन दिवस विचार करून चकतीच्या खूप खाली एक आडवी सळई बसवून दिली. दर वसुबारसेला मामी स्वतः गच्चीवर जाऊन कंदील लावत, आणि मामा शेजारी उभे राहून "हळू, हळू" करत. मग गेल्या दिवाळीनंतर मामींच्या पायांतली शक्ती गेली. आधी काठी आली, मग वॉकर, आणि या पावसाळ्यापासून त्या अंथरुणालाच खिळल्या. त्यांची खोली अंगणापलीकडे, मागच्या अंगाला. दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही फराळाला गेलो तेव्हा त्या उशीला टेकून पडल्या होत्या, आणि बायकोला चिवड्यात मीठ कमी पडल्याचं समजावून सांगत होत्या.

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. चौधरीजींचा होता. चौधरीजी म्हणजे ग्रुपवरचे सर्वांत जुने शेतकरी. मामांची दुरुस्ती पहिल्यांदा त्यांच्याच ट्रॅक्टरने घेतली होती. त्यांचा आवाज इतका खणखणीत की फोन कानाला असला तरी खोलीभर ऐकू येतो. "भिया, आज ट्रैक्टर बेईमानी कर रिया है! आलू पे मिट्टी चढ़ाने निकला था, सीधा मेड़ काट रिया है. दो मेड़ गई. मैंने तो वहीं रोक दिया. खंबा अपनी जगे पे हे के नी?" मामांचा चेहरा पांढराफटक पडला. बटाट्याची लावणी दिवाळीच्या आधी झाली होती. त्याच रेघांवरून आता ट्रॅक्टर परत फिरणार, वरंब्यांना मातीची भर देणार, आणि एक वीतभर जरी सरकला तरी मातीऐवजी बटाटेच उकरणार. आणि हे फक्त चौधरीजींचं नव्हतं. खांब चुकला असेल तर दिवाळीची सुट्टी संपवून उद्यापासून जे जे शेतात उतरणार त्या प्रत्येकाचा ट्रॅक्टर तेवढाच चुकणार होता. "कोई भी ट्रैक्टर मत चलाना," मामांनी ग्रुपवर लिहिलं.

मग तपास सुरू झाला. सगळ्यांत आधी संशय माझ्यावर. "जावईबापू, वर गेला होता?" मी नाही म्हटलं. माझ्या बायकोला विचारलं, कामवाल्या बाईंना विचारलं, शेजारच्या शर्माजींना कुंपणावरून विचारलं की तुमच्याकडे कुणी सुतळी बॉम्ब लावला होता का. शर्माजी म्हणाले, भाईसाब, दिवाली थी. एका माकडाचाही उल्लेख झाला. मामा एकेकाकडे असे पाहत होते की गुन्हा केला नसला तरी कबूल करून टाकावा असं वाटे. शेवटी टेप आणि ओळंबा घेऊन ते जिन्याला लागले, मी मागे. सातव्या का आठव्या पायरीवर ते थांबले. कठडा धरला. आणि माझ्याकडे न पाहता खाली बसले.

"मी हलवला," ते म्हणाले.

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. मामींच्या खिडकीतून समोर गच्ची दिसते, गच्चीवर पाण्याची टाकी, आणि खांब नेमका टाकीच्या डाव्या कडेमागे. यंदा पहिल्यांदाच कंदील मामांनी एकट्याने लावला, आणि खाली येऊन खिडकीतून पाहिलं तर तो टाकीआड. "इतकी वर्षं तिने लावला. आता तिलाच दिसणार नाही, मतलब कसं वाटेल?" म्हणून त्यांनी वर जाऊन खांब गच्चीच्या कठड्याला आवळणाऱ्या पट्ट्या सैल केल्या, खांब वीतभर डावीकडे घेतला, पट्ट्या कसल्या. खाली येऊन खिडकीत उभं राहून पाहिलं, कंदील दिसला. अंथरुणाशी जाऊन विचारलं, दिसला? मामी म्हणाल्या, दिसला. "खांब हलवला तर नवी जागा पुन्हा मोजावी लागते, मशीनला सांगावी लागते. दोन दिवसांचं काम असतं. मला ठाऊक होतं हो. खांब सरकवतानाच ठरवलं होतं, उद्या सकाळी बसून करायचं. पण ती दिसला म्हणाली ना..." त्यांनी हातातला ओळंबा पायरीवर ठेवला. "मला फार आनंद झाला, जावईबापू. मी विसरलो."

म्हणजे इतके दिवस खांब नव्या जागी उभा राहून जुना पत्ता सांगत होता, आणि मामा रोज सकाळी आंघोळ करून तो आपल्या जागी असल्याची चाळीस जणांना ग्वाही देत होते. हसू यायला हवं होतं. मला आलं नाही. मामा उठले, खाली गेले आणि त्यांनी मशीन बंद केलं. "ज्याला स्वतःची जागा सांभाळता येत नाही, त्याने दुसऱ्याला वाट दाखवू नये," म्हणाले. हे कायमचं होतं. त्यांच्या आवाजावरूनच ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या गाडीत बसले. कित्येक वर्षांत ते शहराच्या हद्दीबाहेर पडले नव्हते. वाटेत एकदाही त्यांनी आपण कुठे आहोत ते सांगितलं नाही, आणि मी दोनदा रस्ता चुकलो तरी बोलले नाहीत. चौधरीजींच्या शेतात हिरव्या वरंब्यांच्या रेघा दूरवर गेल्या होत्या, कोवळ्या उन्हात त्यांच्यावर धुकं रेंगाळत होतं, आणि कडेचे दोन वरंबे उघडे पडले होते. गोटीएवढाले बटाटे मातीबाहेर आलेले. मामा चपला काढून त्या सरीत बसले आणि हाताने एकेका रोपाला माती लावू लागले. चौधरीजी बांधावरून धावत आले, "अरे भिया, ये क्या कर रिये हो!" मामांनी मान वर न करता त्यांना सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत, काहीही न लपवता. टाकी, खिडकी, वीतभर, विसरणं. शेवटी म्हणाले, आजपासून खांब बंद.

चौधरीजींनी एकच विचारलं, "भाभीजी को दिखा के नी?"

"दिखा," मामा म्हणाले.

"तो फिर? दो मेड़ तो नीलगाय भी खा जाती है, वो तो बताने भी नी आती." आणि मामांच्या शेजारी उकिडवं बसून तेही माती लावू लागले. "बंद-वंद कुछ नी. आप नई जगे नाप लो, तब तक हम खेत में नी उतरेंगे. चालीस आदमी दो दिन चाय पी लेंगे." मामांच्या चष्म्यावर माती उडाली होती, ती पुसायला म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि खूप वेळ पुसत राहिले. मला वाटतं, इतक्या वर्षांत आकाशाच्या चुका ते रोज सांगत आले, पण स्वतःची चूक सांगून ती दुसऱ्याने पोटात घातल्याचा अनुभव त्यांना पहिल्यांदाच आला असावा. परतताना मात्र त्यांनी मला दोन ठिकाणी वळण चुकल्याचं सांगितलं, आणि मला बरं वाटलं.

खांब नव्या जागीच राहिला. मामांनी दोन दिवस जेवणाशिवाय गच्ची सोडली नाही. तिसऱ्या दिवशी नवी जागा शेवटच्या आकड्यापर्यंत पक्की झाली आणि चौधरीजींचा ट्रॅक्टर वरंब्यांमधून असा गेला की एक पान हललं नाही. त्या संध्याकाळी मी मुद्दाम मामांकडे गेलो. त्रिपुरी पौर्णिमा व्हायची होती, कंदील उतरला नव्हता. मामा वर दिवा लावायला गेले होते. मी मामींच्या उशाशी खुर्ची ओढून बसलो आणि म्हटलं, मामी, ह्या तुमच्या कंदिलापायी चाळीस ट्रॅक्टर उभे राहिले, ठाऊक आहे ना?

मामी छताकडे पाहत होत्या. "जावईबापू, एक सांगते," त्या हळूच म्हणाल्या, "त्यांना बोलू नका. मला तो कंदील दिसत नाही."

मी खुर्चीवरून उठलो. खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खांबाच्या सळईवर कंदील स्वच्छ दिसत होता. मग मी पलंगाशी गुडघे टेकून डोकं मामींच्या उशीजवळ नेलं आणि तिथून पाहिलं. टाकी होती. काळी, गोल, अख्खी खिडकी भरून. तिच्या कडेला निरखून पाहिलं तर कंदिलाच्या तांबूस कागदाची एक पुसट झाक, तीही आहे म्हटलं तर आहे.

"त्यांनी खिडकीत उभं राहून पाहिलं," मामी म्हणाल्या. "उशीवरून पाहायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. धापा टाकत आले, हातांना ग्रीस, आणि लहान पोरासारखं विचारलं, दिसला? आता काय सांगायचं होतं मी?"

वर गच्चीवर बटणाचा खट् आवाज झाला. टाकीच्या कडेची ती झाक जराशी उजळली. आणि अंगणावरून मामांची हाक आली, "जावईबापू! तिथून दिसतो ना हो नीट?"

मामींनी माझ्याकडे पाहिलं. मी डोकं उशीपाशी तसंच ठेवून होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो, "दिसतो, मामा! अगदी समोर!"

मामा अजून वर कठड्याशी कंदिलाखाली उभे असावेत. मामींनी डोळे मिटून घेतले होते, आणि त्या हसत होत्या.